ल्यूटचं टॅब्लचर स्टाफवर उतरवताना: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गिटार शिकणाऱ्या मुलांना टॅब (म्हणजे टॅब्लचर) दाखवावा लागत नाही. सहा रेघा, त्यांवर आकडे, कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची तेवढं कळलं की झालं. हीच पद्धत पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये छापली जात होती हे सांगितलं की मात्र ती चकित होतात. 1507 साली ओत्ताव्यानो पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रांचेस्को स्पिनाचीनोची ल्यूटची, म्हणजे गिटारसारख्या एका जुन्या तंतुवाद्याची, पुस्तकं काढली. छापील ल्यूट-टॅब्लचरचा आज हाताशी असलेला सगळ्यांत जुना नमुना तो. पेत्रुच्चीच्या या पुस्तकांत लॅटिनमध्ये एक नियमावली येते, तिचं शीर्षकच आहे ‘ज्यांना गाता येत नाही त्यांच्यासाठी नियम’. गाता येत नाही म्हणजे गळा नाही असं नव्हे. गायकांची स्वरलिपी वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे टॅब हा तेव्हाही स्टाफ, म्हणजे पाच रेघांची स्वरलिपी, न येणाऱ्यांसाठीचा जवळचा रस्ताच होता.

मग तो उलटा चालत स्टाफवर कशाला जायचं? ल्यूट वाजवणाऱ्याला खरंच गरज नाही. पण व्हायोलिनवाल्याला, कॉयरमध्ये गाणाऱ्याला, पियानोवर ते संगीत चाचपून पाहणाऱ्याला टॅब मुका असतो. इटलीत ऑस्कर किलेसोत्तीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ल्यूटच्या जुन्या रचना स्टाफवर आणल्या, म्हणून पुढे रेस्पिगी या संगीतकाराला त्यातल्या काही घेऊन ऑर्केस्ट्रासाठी ‘प्राचीन धुना आणि नृत्यं’ बांधता आली. उतरवणारा मध्ये नसता तर त्या धुना कपाटातच राहिल्या असत्या.

हे काम यांत्रिक वाटतं, आणि त्यातला अर्धा भाग यांत्रिक आहेही. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

टॅब काय सांगतो, काय सांगत नाही

टॅब तीन गोष्टी सांगतो: कुठली तार, कुठला पडदा, आणि कधी छेडायचं. सुराचं नाव सांगत नाही. तो सूर किती वेळ टिकवायचा हे सांगत नाही. आणि तो वरच्या आवाजाचा (आवाज म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरांच्या ओळींपैकी एक), मधल्याचा की खर्जाचा, तेही सांगत नाही.

आपल्याकडे भातखंडे लिपी शिकलेल्यांना यातली मेख चटकन कळेल. तिथे सूर पुढच्या मात्रेत लांबवायचा असला की आडवी रेघ येते. रेघ दिसली की सूर चालू. टॅबमध्ये अशी रेघच नाही. वर लिहिलेली लयीची खूण ‘हा सूर इतका लांब’ असं म्हणत नाही. ‘पुढचा आघात इतक्या वेळाने’ एवढंच म्हणते. नवशिक्यांच्या दहापैकी आठ चुका या एका वाक्यात आहेत, तेव्हा ते कागदावर लिहून समोर चिकटवा.

आधी सुरांच्या नावांची भानगड मिटवू

फ्रेंच पद्धतीच्या टॅबमध्ये आकड्यांऐवजी अक्षरं असतात. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी म्हणजे दुसरा, असं पुढे. आणि आपण सुरांनाही ए, बी, सी म्हणतो. त्यामुळे ‘तिसऱ्या तारेवरचा बी’ म्हटल्यावर पडदा की सूर, हा गोंधळ ठरलेला. माझ्या सुरुवातीच्या वह्यांत अशी पानं आहेत जी आज मलाच कळत नाहीत.

मी त्यावर जुना उपाय केला. गोव्यात पॅरिश शाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांकडून दो-रे-मी घोकून घेत, तसे मी सूर दो-रे-मीने लिहितो आणि अक्षरं फक्त पडद्यांसाठी ठेवतो. दो म्हणजे पियानोवरचा सी, कायमचा. सातव्या सुराला मात्र ‘सी’ न म्हणता इंग्रज शिक्षकांसारखं ‘ती’ म्हणतो, नाहीतर अक्षर सी पुन्हा आडवं येणार. या लेखात पुढे हेच धरून चाला: ए, बी, सी दिसलं की पडदा, दो, रे, मी दिसलं की सूर.

पान हातात आलं की पहिल्यांदा हे पाहा

पानावर अक्षरं आहेत की आकडे? अक्षरं असतील आणि रेघा असतील तर फ्रेंच पद्धत. इंग्लंडमध्येही हीच चालायची. यात सगळ्यांत वरची रेघ म्हणजे सगळ्यांत उंच आवाजाची तार. ल्यूटवर तारा बहुतेक जोडीने असतात, म्हणून पुढे मी जोडतार म्हणेन. वरून खाली पहिली ते सहावी जोडतार.

आकडे असतील तर बहुधा इटालियन पद्धत, आणि तिथे पान उलटं: सगळ्यांत वरची रेघ खर्जाची, खालची उंच जोडतारेची. मोकळ्या तारेला शून्य. वाद्य मांडीवर घेऊन खाली पाहिलं तर तारा ज्या क्रमाने दिसतात तसं. मी पहिली इटालियन रचना उतरवायला घेतली तेव्हा ही गोष्ट मला माहीत नव्हती. एक अख्खी संध्याकाळ घालवून जे तयार झालं ते वाजवलं तेव्हा वाटलं, सोळाव्या शतकातली माणसं फारच धाडसी होती. धाडसी कोणी नव्हतं, कागद उलटा वाचला होता.

पण ‘आकडे म्हणजे खालची रेघ उंच’ हाही पक्का नियम नाही. वालेन्सियात 1536 साली लुईस मिलानने विहुएला या गिटारसारख्या स्पॅनिश वाद्यासाठी ‘एल माएस्त्रो’ छापलं, त्यात आकडे आहेत आणि तरी वरचीच रेघ उंच तारेची. त्याच पुस्तकात गाण्यांच्या ठिकाणी गायकाचे सूर टॅबमध्येच लाल आकड्यांत दिलेत. काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर काम केलंत तर ही लाल-काळी फारकतच हरवते. तेव्हा रंगीत प्रत मिळते का ते आधी पाहा. आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या ऑनलाइन संग्रहावर मूळ पानांचे स्कॅन बरेच आहेत.

रेघा मोजा. हे हास्यास्पद वाटेल, पण मोजा. पॅरिसच्या पिएर आतेन्याँने 1529 मध्ये छापलेल्या ल्यूटच्या पुस्तकात पाचच रेघा आहेत. तिथे रेघांच्या खाली दिसणारं अक्षर सहाव्या जोडतारेचं. सहा रेघांच्या इंग्लिश हस्तलिखितात तेच खालचं अक्षर सातव्या जोडतारेचं. हे चुकलं तर अख्खा खर्ज बिघडतो.

रेघाच नसतील, नुसते आकडे-अक्षरांचे मनोरे असतील, तर ते जर्मन टॅब. तिथे प्रत्येक तार-पडद्याच्या प्रत्येक चौकटीला स्वतंत्र चिन्ह: पाच मोकळ्या तारांना 1 ते 5, पहिल्या पडद्यावर आडवं जात ए ते ई, दुसऱ्यावर एफपासून पुढे. अक्षरं संपली की वेगळी चिन्हं. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. गेलात तर आधी पूर्ण चौकटींचा तक्ता करा आणि शेजारी ठेवा. पाठ होण्याची वाट पाहू नका.

फ्रेंच अक्षरांबद्दल दोन बारकावे. हाताने लिहिलेला सी पुष्कळदा आर सारखा दिसतो. ‘आर कुठला पडदा’ म्हणून शोधत बसू नका. आणि आयनंतर थेट के येतो, मध्ये ‘जे’ हे अक्षर नाही. म्हणजे के हा दहावा नव्हे, नववा पडदा.

जाळी तयार करा

सोळाव्या शतकातलं सहा जोडतारांचं ल्यूट बहुतेक वेळा ‘सोलचं’ धरून उतरवतात. खालून वर जोडतारा अशा: सोल, दो, फा, ला, रे, सोल. पियानोच्या मधल्या दोच्या वरचा पहिला सोल ही पहिली जोडतार, आणि त्याच्या दोन सप्तकं खालचा सोल ही सहावी. अंतरं चौथी, चौथी, मोठी तिसरी, चौथी, चौथी. एक पडदा म्हणजे अर्धा सूर. हे कागदावर एकदाच मांडून ठेवा:

पहिली जोडतार: ए सोल, बी ला फ्लॅट, सी ला, डी ती फ्लॅट, ई ती, एफ दो.
दुसरी: ए रे, बी मी फ्लॅट, सी मी, डी फा, ई फा शार्प, एफ सोल.
तिसरी: ए ला, बी ती फ्लॅट, सी ती, डी दो, ई दो शार्प, एफ रे.
चौथी: ए फा, बी फा शार्प, सी सोल, डी ला फ्लॅट, ई ला, एफ ती फ्लॅट.
पाचवी: ए दो, बी दो शार्प, सी रे, डी मी फ्लॅट, ई मी, एफ फा.
सहावी: पहिलीसारखीच, दोन सप्तकं खाली.

सहाहून जास्त जोडतारा असल्या तर सातवी सहसा फामध्ये किंवा रेमध्ये लावलेली असते. कुठली, ते पानच सांगतं. रेघांच्या खाली डी अक्षर आलंय असं समजा. तार रेची असेल तर तो सूर फा. तार फाची असेल तर ला फ्लॅट. भोवतालच्या सुरांत दोन्ही बसवून पाहा, एक निवांत बसतो आणि दुसरा काट्यासारखा टोचतो. आठवी, नववीसाठी अक्षरापाशी एक तिरपी रेघ, दोन तिरप्या रेघा अशा खुणा असतात.

गिटारवाल्यांसाठी: तिसरी तार अर्धा सूर उतरवून फा शार्प करा आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावा. आता तुमच्या हातात सोलच्या ल्यूटची अंतरंही आहेत आणि उंचीही. फ्रेंच टॅब गिटारवर जसाच्या तसा वाजतो, फक्त कॅपोला शून्य समजून पडदे मोजायचे. उतरवलेलं तपासायला याहून स्वस्त साधन नाही.

एक इशारा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जुळणी बदलत गेली आणि शेवटी रे मायनरची जुळणी रूढ झाली: वरून खाली फा, रे, ला, फा, रे, ला, आणि त्याखाली खर्जाच्या मोकळ्या तारांची उतरंड. बरोक काळातला जर्मन ल्यूटवादक वाइस याचं बहुतेक संगीत याच जुळणीतलं आहे. अशा पानावर वरची जाळी लावली तर पहिल्या दोन बारमध्येच कर्कश निघतं. तसं झालं तर स्वतःवर शंका घेण्याआधी जुळणीवर घ्या.

लयीच्या खुणा

रेघांच्या वर उभ्या दांड्या असतात, त्यांना झेंडे. नुसती दांडी म्हणजे मुळात सेमीब्रीव्ह (चार मात्रा), एक झेंडा मिनिम (दोन), दोन झेंडे क्रॉचेट (एक). आजच्या डोळ्यांना हे फार संथ दिसतं, म्हणून बहुतेक जण मूल्यं निम्मी करतात: नुसती दांडी मिनिम, एक झेंडा क्रॉचेट, दोन झेंडे क्वेव्हर, तीन झेंडे सेमीक्वेव्हर. खुणेपुढचा ठिपका नेहमीसारखा, निम्म्याने वाढवणारा. निम्मं केलंत तर पहिल्या पानावर तसं लिहा.

खूण एकदा दिली की नवी येईपर्यंत तीच चालू, ही साधारण पद्धत. काही पुस्तकांत प्रत्येक आघातावर पुन्हा पुन्हा खूण असते. ते उलट सोपं.

अक्षरांखालचे ठिपके मात्र लयीचे नाहीत आणि स्टकॅटोचेही नाहीत. एकट्या अक्षराखालचा ठिपका म्हणजे तो सूर तर्जनीने वरच्या दिशेने छेडायचा. मी एका तयार प्रतीत हे सगळे ठिपके स्टकॅटो म्हणून छापलेले पाहिलेत, अख्खा पवान (एक संथ नाच) तुटक तुटक उड्या मारत होता. स्टाफवर हे ठिपके आणू नका. हवं तर खाली टॅबची ओळ ठेवा, तिथे ते राहतील.

बारच्या रेषांवर फार विसंबू नका. जुन्या इटालियन पानांवर त्या नुसत्या डोळ्याच्या सोयीसाठी, ठराविक अंतराने ओढलेल्या असतात. ‘इथे सम’ असं त्या म्हणत नाहीत. तिनाच्या नाचाला दोनाच्या रेषा लावलेल्या सापडतात. नाच कुठला आहे ते ओळखा, मग रेषा हलवा.

एक बार, अगदी जवळून

हा नमुना कुठल्या ग्रंथातला नाही, सरावासाठी मी बांधलाय. सहा रेघांचं फ्रेंच टॅब, सोलचं ल्यूट.

पहिला आघात, वर एक झेंडा: पहिल्या जोडतारेवर ए, तिसरीवर बी, सहावीवर ए.
दुसरा आघात, नवी खूण नाही: पहिलीवर ए, तिसरीवर ए, पाचवीवर सी.
तिसरा, दोन झेंडे: दुसरीवर ई, एकटाच.
चौथा, खूण नाही: दुसरीवर सी, एकटाच.
पाचवा, एक झेंडा: दुसरीवर ई, एकटाच.
मग बारची रेषा. पुढे नुसती दांडी: पहिलीवर ए, दुसरीवर ए, तिसरीवर सी, चौथीवर सी, सहावीवर ए. संपलं.

आधी बेरीज. एक क्रॉचेट, एक क्रॉचेट, दोन क्वेव्हर, एक क्रॉचेट: चार. बार भरला. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊच नका. कुठेतरी खूण सुटलीय.

आता जाळीवरून सूर. पहिला आघात: वर सोल, मध्ये ती फ्लॅट, खाली सोल. दुसरा: वर पुन्हा सोल, मध्ये ला, खाली रे. मग एकटे फा शार्प, मी, फा शार्प. शेवटी खालून वर सोल, सोल, ती, रे, सोल.

हे दोन स्टाफवर, वर ट्रेबल आणि खाली बास, खुणांच्या लांबीप्रमाणे जसंच्या तसं मांडलं तर काय दिसतं? दुसऱ्या आघाताला खर्जाचा रे आणि मधला ला एकेका क्रॉचेटचे, आणि त्यानंतर दोन मात्रा खाली नुसती शांतता. वर फा शार्प, मी, फा शार्प निराधार लोंबकळतात. कागदावर हे ‘टॅबला प्रामाणिक’ दिसतं. वाजवून पाहा, ल्यूटवर असं काही होत नाही. पाचव्या जोडतारेवरचं बोट दुसऱ्या पडद्यावरून उचलायचं काही कारण नाही, तिसरी जोडतार तर मोकळीच आहे. रे आणि ला बारच्या शेवटापर्यंत घुमत राहतात. म्हणून ते दोन्ही ठिपक्याचे मिनिम लिहायचे: दुसरी, तिसरी, चौथी मात्रा.

मग वरचा सोल? तोही पहिल्या मोकळ्या जोडतारेवर आहे आणि फा शार्प दुसऱ्या जोडतारेवर. म्हणजे सोल हाताने थांबवला नाही तर फा शार्पच्या डोक्यावर तो घुमत राहील. ‘जे घुमतं ते सगळं लिहा’ हा नियम लावला तर इथे सोल आणि फा शार्प एकमेकांना चिकटून वाजताना लिहावे लागतील. पण कान सांगतो ते वेगळं आहे. पहिल्या आघाताचा सोल दुसऱ्यात पुन्हा छेडलाय. खाली रे आल्यावर तो तिथे अडकलेला, ताणलेला सूर झालाय आणि फा शार्पमध्ये सुटतोय. ही त्या काळची समाप्तीची ठरलेली चाल आहे. सोल आणि फा शार्प एकाच आवाजाचे, फक्त तारा वेगळ्या. तेव्हा सोल क्रॉचेटवरच थांबतो.

एकाच बारमध्ये दोन उलटे निर्णय झाले: रे आणि ला टॅबच्या खुणेपेक्षा लांब, आणि सोल तारेच्या घुमण्यापेक्षा आखूड. याला यंत्र नाही. म्यूझस्कोरसारख्या प्रोग्रॅममध्ये फ्रेंच आणि इटालियन टॅब लिहायची सोय आहे आणि पडद्यावरून सूर तो क्षणात काढतो. पण कुठला सूर किती टिकवायचा हे तो तुम्हाला विचारेल, सांगणार नाही.

मी स्वतःला तीन प्रश्न या क्रमाने विचारतो. हा सूर पुढे जाऊन कुठल्या सुराला मिळतोय? तिथपर्यंत बोट जागेवर राहू शकतं का? आणि मध्ये त्याच जोडतारेवर दुसरं काही येतंय का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर चर्चा संपली, तार एकच आहे, आधीचा सूर तिथे मेलाच. दुसऱ्यासाठी वाद्य हातात घ्या. कागदावर अंदाज बांधू नका. पहिल्यासाठी प्रत्येक आवाज तोंडाने गुणगुणून पाहा. तुटक-तुटक, मध्येच सप्तक उडी मारणारा आवाज निघाला तर बहुधा तुम्ही दोन आवाजांची सरमिसळ केलीय.

तीन की चार आवाज हे सुरुवातीला ठरवून मग त्यात सूर कोंबू नका. ल्यूटवर आवाज येतात-जातात. तीन आवाजांच्या रचनेत शेवटचा कॉर्ड पाच सुरांचा, जसा आपल्या नमुन्यात आहे. रिकाम्या जागी विरामचिन्हांची रांग लावण्याचीही गरज नाही.

शार्प की फ्लॅट

टॅबला फा शार्प आणि सोल फ्लॅट यांतला फरक माहीत नसतो. तो पडदा सांगून मोकळा. नाव तुम्ही ठेवायचं. वरच्या नमुन्यात सूर सोलवर येऊन थांबतोय आणि त्याच्या अर्धा सूर खालून वर चढतोय, म्हणून फा शार्प. ती फ्लॅटला ला शार्प म्हणायचा प्रश्नच नाही, तो सोलचा लहान तिसरा आहे. किल्लीजवळ मी इथे एकच फ्लॅट लावीन, दोन नाही: ‘मी’ हा सूर नैसर्गिक आलाय, आणि त्या काळची चालही तशी होती.

याच गोष्टीची दुसरी बाजू फार मोलाची आहे. गायकांच्या जुन्या प्रतींत पुष्कळ शार्प-फ्लॅट लिहिलेलेच नसत, गाणारा सवयीने लावायचा. टॅबमध्ये पडदा लिहावाच लागतो, पळवाट नाही. आपल्या शेवटच्या कॉर्डमध्ये तिसऱ्या जोडतारेवर बी नाही, सी आहे. म्हणजे ती फ्लॅट नव्हे, शुद्ध ती: मायनर चाललेली रचना मेजर तिसऱ्यावर संपतेय, आणि यात वाद घालायला जागा नाही. गायनाच्या जुन्या रचनांत कुठे शार्प लावत असत हे शोधणारे अभ्यासक म्हणूनच त्यांच्या ल्यूटसाठी केलेल्या प्रतींकडे धावतात.

शेवटच्या कॉर्डवर नुसती दांडी आहे, म्हणजे बार अर्धाच भरतो. शेवटी असं चालतं. मी तिथे सेमीब्रीव्ह आणि फर्माटा (सूर थांबवून धरायची खूण) लिहितो आणि टीपेत तसं नोंदवतो.

चुका: त्यांच्या आणि आपल्या

जुन्या पानांवर चुका असतातच. सगळ्यांत नेहमीची म्हणजे अक्षर एक रेघ वर किंवा खाली सरकलेलं. अक्षरं कधी रेघेवर बसतात, कधी दोन रेघांच्या मधल्या जागेत, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात थोडा घसरला की जोडतारच बदलते. त्यानंतर एक पडदा इकडे-तिकडे. त्यानंतर सुटलेला झेंडा.

एखादा सूर खटकला तर आधी ती रचना पुढे तशीच परत येते का ते पाहा. नाचांत भाग दुहेरी येतात आणि दुसऱ्या खेपेला तोच कॉर्ड बरोबर लिहिलेला सापडतो. मग शेजारच्या रेघेवर तेच अक्षर वाचून पाहा. मग शेजारचा पडदा. पण खटकणारं सगळं सुधारायला जाऊ नका. त्या काळच्या कानाला फा आणि फा शार्प एका श्वासात चालत असत, एका आवाजात एक आणि दुसऱ्यात दुसरा. मला आज खुपतं म्हणून चूक, हा निकष नाही. बोटाला अशक्य असेल, बेरीज चुकत असेल किंवा तीच जागा दुसरीकडे वेगळी लिहिली असेल, तर हात घाला. आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवा: कितवा बार, कितवा आघात, मुळात काय होतं. मी सुरुवातीला ‘हे तर उघडच आहे’ म्हणून नोंदी केल्या नाहीत. दोन वर्षांनी त्याच प्रतीवरून एका मित्राने विचारलं, ‘हे तुझं की मूळचं?’ आणि मला स्कॅन पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

खर्जाच्या जोडतारांवर पुष्कळदा एक तार सप्तक वर लावलेली असायची. स्टाफवर फक्त खालचा सूर लिहा. दोन्ही लिहायला गेलात तर मधल्या आवाजांची झुडुपं होतात.

पहिली रचना कुठली घ्यायची

माझं मत पक्कं आहे: गाण्यापासून सुरुवात करा, एकट्या ल्यूटच्या फँटसीपासून (मोकळ्या बांधणीच्या रचनेपासून) नाही. जॉन डाउलंडचं 1597 चं गाण्यांचं पहिलं पुस्तक यासाठी जणू पाठ्यपुस्तकच आहे. एका पानावर वरचा आवाज स्टाफवर आणि त्याखाली ल्यूटचा टॅब. समोरच्या पानावर उरलेले तीन आवाज, टेबलाभोवती बसलेल्यांना आपापल्या बाजूने वाचता यावेत म्हणून वेगवेगळ्या दिशांना छापलेले. गायकाचा पहिला सूर आणि ल्यूटचा पहिला कॉर्ड जुळवला की जुळणीची खात्री होते. आणि ल्यूटची साथ बरीचशी त्या खालच्या तीन आवाजांवरच उभी असल्याने, कुठला सूर किती टिकवायचा याचं उत्तर समोरच्या पानावर छापलेलंच असतं. आधी टॅबवरून स्वतः उतरवा, समोरचं पान झाकून. मग उघडा आणि लाल पेनाने तपासा. असं चार गाण्यांचं केलंत की आवाज ओळखायला कान तयार होतो.

त्यानंतर गायनाच्या रचनांची ल्यूटसाठी केलेली रूपांतरं घ्या. तिथेही मूळ आवाज शोधून शेजारी ठेवता येतात, आणि वाजवणाऱ्याने मध्ये कुठे कुठे झालर लावलीय ते दिसतं. बरोक काळात जायचं असेल तर बाखचा सोल मायनर सूट, बीडब्ल्यूव्ही 995, पाहा. त्याची बाखच्या हातची प्रत स्टाफवर आहे आणि एका ल्यूटवादकाने केलेली टॅबची प्रतही उरलीय. दोन्ही समोरासमोर ठेवल्या की वाद्याच्या सोयीसाठी कुठे काय हललं ते सूर-सूर मोजता येतं.

पक्की प्रत काढताना वर दोन स्टाफ आणि त्यांच्या खाली मूळ टॅब, आघाताखाली आघात येईल असं मांडा. पहिल्या पानाच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा: मूळ प्रत कुठली, जुळणी काय धरली, मूल्यं निम्मी केली की नाही, आणि बारच्या रेषा हलवल्या की नाही. वळणाच्या जागी पान उलटायला अर्धी मात्रा तरी मोकळी ठेवा. व्हायोलिनवाली मंडळी त्याबद्दल फार चिडतात.